दुसरा ब्रेक

सकाळी सव्वासहा. नेरूळ, सेक्टर वीस.
पांढरी गाडी, छपरावर लाल अक्षरात माझंच नाव :
शद्रख मोटार ट्रेनिंग.
डाव्या सीटवर मी. माझ्या पायाखाली
एक जादा क्लच, एक जादा ब्रेक.

एकवीस वर्षं हाच धंदा.
जुईनगरच्या नर्सा, तुर्भ्याचे मापाडी,
एक निवृत्त हेडमास्तर,
ज्यांना रिव्हर्स शेवटपर्यंत जमला नाही.
सगळ्यांना सांगत आलो,
गाडी तुमच्या हातात आहे, घाबरू नका,
आणि तळपाय ब्रेकवरून
कधी उचलला नाही.
त्यांना वाटायचं, आपणच थांबवली.

रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये मंडळी भरते.
तिथं प्लास्टिकच्या खुर्चीत डोळे मिटून
प्रभू, तुझी इच्छा, म्हणायचो.
पास्टर ओहोळ आमेन म्हणायचे. मीही.
तुझी इच्छा, पण शमुवेलला रबाळ्यातच लाव.
तुझी इच्छा, पण प्लॉटचं नाताळाआधी उरकव.
खरं सांगतो, तिथंही उजवा पाय
फरशीवर किंचित दाबलेलाच असायचा.
देवाला मी
शिकाऊ परवान्यावर बसवलं होतं.

मग मार्चमध्ये दीनाचा रिपोर्ट आला.
खारघरच्या टेकडीखालचं इस्पितळ,
डॉक्टर शमुवेलच्याच वयाचा,
बोलताना पेनचं टोपण काढत होता, लावत होता.
मी उपास धरले. सौदे केले.
पान सोडतो म्हणालो,
जे दहा वर्षांपूर्वीच सोडलं होतं.
दीना ऐकत होती. म्हणाली,
घासाघीस मार्केटात करावी.
कांद्याला भाव असतो.
आणि रिपोर्टची घडी घालून
तिनं तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला,
जिथं आमचे सगळे कागद असतात.

त्याच आठवड्यात यमुनाबाई मढवी आल्या.
करावे गावच्या, वय अठ्ठावन्न.
नवऱ्याचा टेम्पो वर्षभर दारात उभा,
चाकांखाली गवत उगवलेलं.
तो चालवायचाच, म्हणाल्या.
पाम बीचवर चौथ्या दिवशी
वळणाआधीच मी ब्रेक दाबला, सवयीनं.
त्यांनी गाडी कडेला घेतली,
पदर खोचला आणि माझ्याकडं न बघताच :
"मास्तर, तो पाय कारा ना.
गारी कोन चालवतंय
तंच माना कलत नाय."

पाय उचलला.
कुठं ठेवावा ते कळेना. शेवटी
सीटखाली घेतला, वर्गातल्या पोरासारखा.
खाडीच्या बाजूला तिवरांवर ऊन आलं होतं,
दोन बगळे चिखलात उभे होते,
आणि पुढं ती गाडी जात होती,
जिच्यावर माझा
काही म्हणजे काही ताबा नव्हता.
सिग्नलला त्या थांबल्या. रेषेच्या हातभर पुढं,
इंजिन बंद पडलं, मागचा रिक्षावाला ओरडला.
पण थांबल्या.

त्या रात्री दीनाच्या पलंगाशी बसलो.
प्रार्थना केली, पण शिवाय.
इतकी छोटी झाली
की डोळे उघडल्यावर ओशाळल्यासारखं वाटलं.
ती म्हणाली, झाली? मी म्हणालो, झाली.
पाणी दे मग.

बरी होईल का, शमुवेल फोनवर विचारतो.
ठाऊक नाही, असं सांगायला
शिकतो आहे.
तिसरं इंजेक्शन सोमवारी. केस गेले,
ते तिनंच केरसुणीनं गोळा केले,
मला हात लावू दिला नाही.

शांती वगैरे मिळाली म्हणत नाही.
पाय अजून दाबला जातो.
लक्षात येतं, उचलतो. परत दाबला जातो.
त्या रात्री बागेत
खुद्द त्याला ते तीनदा म्हणावं लागलं,
शिष्य बाजूला झोपलेले,
मी तर नेरूळचा मोटार मास्तर.
माझं तीनात कसं भागेल?

दीनाला झोप लागली आहे.
दिवा मालवतो. गजर सव्वापाचचा.
उद्या यमुनाबाईंचा रिव्हर्स आहे.