खालचा उजेड

संकेश्वरच्या बायपासला, मिरचीच्या वखारीमागं
माझं दुकान. समोर पंचवीस फुटांवर भिंत,
भिंतीवर खडूची आडवी रेघ.
गाडी उभी करायची, चाकांतली हवा बघायची,
स्क्रू फिरवत उजेड रेघेखाली आणायचा.
याला कुणी पैसे देत नाही.

पैसे देतात पांढऱ्या बल्बला.
"मोनाप्पा, निपाणीपर्यंत दिसलं पाहिजे बघ."
बसवले मी. दोन हंगाम. वहीत मोजले, एकशे चाळीस.
बायकोच्या पाटल्या त्यातल्याच.

मग एका पहाटे, हिरण्यकेशीच्या पुलाअलीकडं
उसाची ट्रॉली उभी, टायर फुटलेला,
मागं लाल दिवा नाही, नुसता एक दगड
आणि दगडाखाली पाचट.
समोरून पांढरा उजेड आला.
शट्टुप्पाची दुधाची लूना त्या उजेडात शिरली
आणि पलीकडं निघाली नाही.

गाडीवाला थांबला नाही.
त्याला कळलंच नसणार.
त्याला तर सगळं दिसत होतं.

पंचनाम्यात कारण लिहिलं : अंधार.
कन्नडात होतं, मी मराठीत वाचून घेतलं.
दोन्हीकडं चूक.
बल्ब माझाच होता का, कुणी विचारलं नाही.
पण या पट्ट्यात तो माल
दुसरं कोण विकत होतं तेव्हा?

आता दर बुधवारी कारखान्याच्या गेटवर
रांगेतल्या ट्रॉल्यांना लाल पट्टी चिकटवतो.
विजापूरकडचा एक पोरगा विचारतो, "एष्टु री?"
मी म्हणतो, टोक धर.
ऊस भिजलेला, पत्रा धुळीचा, पट्टी सुटते,
पुन्हा बाहीनं पुसायचं, पुन्हा दाबायचं.

आणि दुकानात येईल त्या हेडलाइटला
ऑइलपेंटचा काळा ठिपका, बोटानं.
गिऱ्हाईक चिडतं, म्हणतं, तीट लावतोस काय रे?
होय म्हणतो.
बाळाला लावतात दृष्ट लागू नये म्हणून.
हिची कुणाला लागू नये.

चौघं परत येत नाहीत, पाचवा येतो.
पाटल्या कपाटात आहेत. ती घालत नाही,
मी विचारत नाही.

रात्री दुकान ओढून घराकडं निघालो
की कधी एखादा ट्रक लांबूनच डिपर मारतो.
केए आहे का एमएच, नंबर दिसत नाही.
मीही खाली करतो.
मग आमच्या दोघांच्या मधे
रस्ता दिसतो, खड्डा दिसतो,
कडेनं कोण सायकल ढकलत चाललंय,
कॅरिअरला बांधलेला जेवणाचा डबा,
तोसुद्धा.