दोन चांगले, सहा कामापुरते

होळी झाली की झाडीतली नाटकं थांबतात
आणि डोमाजी टेकाम मोकळा सापडतो.
सिंदेवाहीच्या अलीकडे, राइस मिलच्या जुन्या गोदामात
तो ड्रमसेट उघडतो.
मागे मी तणसाच्या पेंढ्या छतापर्यंत रचल्यात,
कोपऱ्यांत कोंड्याची पोती.
आवाज इथे भिंतीला धडकत नाही,
पोत्यात तोंड खुपसून निजतो.

माझ्याकडे प्रीअँप आठ.
दोन चांगले. लोखंडी, जड,
नागपूरच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून
एसटीत मांडीवर धरून आणलेले,
ताप आलेलं लेकरू आणावं तसे.
बाकी सहा एका प्लॅस्टिकच्या डब्यातले,
कामापुरते;
म्हणजे गेन अर्ध्याच्या वर नेला
की सुपात तांदूळ पाखडल्यासारखे सळसळणारे.

किकला द्यावा की स्नेअरला?
तीन दिवस माझं हेच चाललेलं.
वायरी उपसतो, खोवतो, पुन्हा उपसतो.
डोमाजी बाहेर मोहाखाली बिडी ओढतो, म्हणतो,
‘पोरगी पाहून रायले का जी, इतका इचार?’

स्नेअरला चांगला दिला.
पहिल्याच ठोक्याला सुई लालच्या पार.
पॅड टाकला, गेन उतरवला, उतरवत उतरवत शून्याशी आलो.
खिल्लारी जोडी, आणि बंडी रिकामी.

मग कळलं (उशिरा, मला सगळं उशिराच कळतं):
जो मुळातच ओरडतो
त्याला मोठं करणारं यंत्र लागत नाही,
सहन करणारं लागतं.
पंगतीत हाका मारणाऱ्याच्या पत्रावळीशी
वाढपी आपोआप येतो.
टोकाला बसलेल्या मुक्या पाहुण्याचं काय?

एक चांगला डोमाजीच्या डोक्यावरच्या माइकला दिला.
दुसरा थेट दाराजवळच्या,
चौदा फुटांवर,
जिथे आवाज चालून चालून थकलेला पोचतो.

साडेअकराला थ्री-फेज आली.
उन्हाळी धानावरच्या मोटारी एकामागून एक सुरू,
वायरीत घूं.
कोणाच्या बांधीत पाणी चाललंय
ते मला हेडफोनमध्ये ऐकू येतं.
आम्ही थांबलो. डोमाजी किकला टेकून झोपला.
पहाटे मोटारी बंद पडल्या तेव्हा त्याला उठवलं.

दाराजवळच्या माइकमध्ये, ठोक्यांच्या खाली,
कोणीतरी बोलत होतं.
‘पाटील, त्या रात्री वाड्यावर कोण होतं?’
धाड्.
‘माय, मी आलो गं.’
सिंबल, लांबवर मरत जाणारी.
‘नाई, थांब, बंदूक खाली ठेव.’
मग काहीच नाही. आणि त्या काहीच नाहीमध्ये
एक श्वास.

मी टेप थांबवली. कोणाशी बोलतोस?
तो लाजला, मोजा काढून पुन्हा घातला.
‘डायलॉग नसन त वाजवू कायवर?
मले ताल-बिल समजत नाई जी.
बावीस वर्सं स्टेजच्या खाली बसतो, मले पायच दिसते.
खलनायक यायचा असन त आंगठा आधी दाबते.
हिरॉइन मरायच्या आधी टाच उचलते.
टाच उचलली का म्या मारलं.
ते बोलनं पुसून टाका तुमी.’

इतकी वर्षं त्या सळसळीखाली
हा माणूस बोलतच होता तर.

पुढच्या टेकला तो तोंड मिटून बसला.
ठोके जागच्या जागी पडले,
एकही चुकला नाही,
आणि नाटकात कोणीच आलं नाही.

बाहेर मोह टपटपत होता, तोही येत होता माइकात.
बोल, मी म्हणालो.
‘रेकॉर्डात येते ना.’
येऊ दे.

त्याने दाराकडे पाहिलं,
त्या माइकच्या उंचीवर,
जिथे पाय असायला हवे होते.
मी बटण एक घर पुढे सरकवलं.
‘पाटील,’ तो हळूच म्हणाला,
आणि काठ्या उचलल्या.