डाव्या हाताची गाडी

होटगी रोडला, करजगीकर वहिनींच्या पत्र्याच्या शेडमध्ये
ती एकवीस वर्षं उभी होती.
उभी कसली, बसलेली. चारही टायर जमिनीला,
दुपारची म्हैस बसते तशी.
टोयोटा सेलिका, साल पंच्याहत्तर.
साहेबांनी कुवेतहून बोटीनं आणलेली,
स्टिअरिंग डावीकडं.
बॉनेटवर जुनी चादर, चादरीवर सांडगे.
"सांडगे वाळले की न्या," वहिनी म्हणाल्या,
"आणि भाव करू नका. त्यांनी कुणाशी केला नव्हता."
मी केला.
पाच हजार उतरल्या.
ते पाच हजार अजून कुठंतरी खडखडतात,
सगळं खोलून परत बसवलं तरी सापडत नाहीत.

मी जॉबर. अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये तीस वर्षं
चोवीस मागांच्या आवाजातून सांगत आलो
कुठल्या मागाचा पिकर झिजलाय.
ही गाडी मात्र गप्प.
भाग्यलक्ष्मीही गप्प, कारण ते पैसे स्लॅबचे होते.
चार दिवस तिनं मला कडक भाकरी वाढली.
ती मला आवडते हे लक्षात आल्यावर
पाचव्या दिवसापासून मऊ.

मॅट उचलली तर खाली गल्ली दिसली.
चाँदपाशानं पत्रा ठोकला, रोज थोडा,
रोज विचारायचा, "काय करालास बे ह्या भंगाराचं?"
आणि रोज यायचा.
कार्बोरेटरमध्ये कुंभारमाशीनं घर बांधलेलं,
मातीचं, तीन खोल्यांचं,
वर स्लॅबसकट.
ते मी बायकोला दाखवलं नाही.

बुश मिळेना. मुंबई नाही, पुणे नाही,
कुणी फोनवर हसलं, कुणी दुबईचा भाव सांगितला.
इरण्णा हत्तुरेनं जुनं बुश नखानं चाचपलं,
लेथवर पितळ चढवलं,
आणि दोन शतांश मिलिमीटर जास्त गेलं म्हणून
पहिलं फेकून दिलं.
थ्रॉटलची स्प्रिंग मी माझ्याच मागाची लावली.
ती अजून धोट्याची वाट बघते,
पाय उचलला की जरा जोरातच परत येते.

डाव्या दाराचं पॅनेल काढलं त्या दिवशी लाइट गेली होती.
बॅटरी धरली, तर आतल्या कच्च्या पत्र्यावर
पेन्सिलची खूण: उभी दोन अक्षरं, खाली सात.
कुणाचं नाव, की नुसता लॉट नंबर,
मला कसं कळणार.
आमच्यात बीम भरणारा खडूनं असंच लिहितो, तेलुगूत.
कापड विणून संपतं,
खूण कुणाच्या तरी तळव्याला लागून जाते.
ही राहिली होती. पन्नास वर्षं, अंधारात,
समुद्र ओलांडून, सांडग्यांखाली.
"आत कोण बघालंय?" महेबूब पेंटर म्हणाला
आणि स्प्रेगन उचलली.
मी मास्किंग टेप आणायला गेलो.

चालू झाली ती एका मंगळवारी, सातव्या किकला,
म्हणजे किक नाही, चावी, पण गल्लीतली पोरं तसंच मोजत होती.
इरण्णानं मजुरी घेतली नाही,
विजापूर वेशीपर्यंत एक चक्कर घेतली,
खिडकी खाली करून, कुणी ओळखीचं भेटतंय का बघत.
मागच्या काचेवर महेबूबनं पिवळ्या रंगात लिहिलं:
डाव्या हाताची गाडी.

मग तुळजापूर रोड. शेजारी भाग्यलक्ष्मी,
"तासाभरात परत," एवढ्याच बोलीवर.
पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या,
आणि मी फुटपाथच्या बाजूला बसलेला आंधळा.
समोरून काय येतंय ते फक्त तिला दिसतं.
हे गाडी घेताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.
तिनं काच खाली केली, मान बाहेर काढली,
केसात उसाचं पाचट.
"आगू," ती म्हणाली, घरातल्या भाषेत.
एक एसटी गेली.
"आगू."
कडब्याचा टेम्पो गेला, डुलत.
मी पाय पेडलवर नुसता ठेवला होता,
स्प्रिंग खालून ढकलत होती.
तिनं रस्त्याकडं बघितलं, मग एकदा माझ्याकडं,
परत रस्त्याकडं.

"पो."