उतारा

हातमोजे चढवण्याआधी दाशन्याम
एक भरलेली सुई माझ्या डाव्या खिशात ठेवतो.
"ही तिच्यासाठी नाही. माझ्यासाठी."
दर वेळी सांगतो, आणि दर वेळी
खिशाचं बटण मी लावलंय ना, ते वाकून बघतो.

एटॉर्फिनचा एक थेंब,
नखाशेजारी एखादी चीर, एवढं पुरतं माणसाला.
ओठ निळे दिसले की विचारत बसायचं नाही,
कोटावरूनच टोचायची.
नवराबायकोतही इतका भरवसा नसतो,
ड्रायव्हर बाद्राल म्हणतो.
त्याचं लग्न मागच्या हिवाळ्यात मोडलं.

औषधं तीन.
एक पाडतं. एक आखडलेलं अंग सैल करतं.
तिसरं पहिल्याला म्हणतं,
बाबा रे, तिच्या श्वासावरून तेवढा हात काढ.
एकटं सोडावं असं त्यात एकही नाही.
एकमेकांच्या धाकात राहिली, तर जनावर जगतं.

पहाट, उणे अकरा.
डार्ट गोठू नये म्हणून दाशन्यामच्या काखेत,
कोंबडीखाली अंडं असावं तसा.

रानगाढवांचा कळप, मग धूळ, मग त्यातली एक.
जीप दगडांवरून उडते, मी घड्याळ ओरडून सांगते.
जास्त पळवली तर ती औषधाने नाही,
स्वतःच्याच तापाने मरेल.
थप्प.
मांडीवर लाल गोंडा.
गाडी बंद. तोंडं बंद.

चार मिनिटं तिला काहीच झालेलं नसतं.
पाचव्याला ती पाय उंच उंच उचलू लागते,
कोरड्या गोबीत कुठेतरी पाणी साचलंय
आणि ते फक्त तिलाच दिसतंय.
मग गुडघे.

डोळ्यांवर माझ्या भावाच्या सदऱ्याची बाही,
कानांत लोकरीचे मोजे, एक हिरवा, एक करडा.
छातीवर बसती करा, कुशीवर नको, पोट फुगेल.
दाशन्याम पट्टा आवळतो: दोन बोटं जायला हवीत.
रेल्वेच्या कुंपणाशी ही किती वेळा येऊन परतते
ते आम्हाला या पट्ट्याकडून कळणार आहे.
वडील म्हणतात, त्यासाठी पट्टा कशाला,
मला विचारायचं होतं.

माझं काम मोजायचं.
नाकपुडीशी उघडा तळहात.
एक.

दोन.


दोन आणि तीन यांच्या मध्ये
आमचा अख्खा गेर मावेल, चुलीसकट.
"मान सरळ कर," दाशन्याम म्हणतो, आवाज न चढवता.
जबडा पुढे ओढते.
तीन.
गरम. ओला. कडवट झुडपाचा वास.

आई दालानझादगादला टेबलावर जाताना विचारत होती,
मी झोपल्यावर मोजणार कोण?
मी दाराबाहेर होते, बूट हातात घेऊन.
शुद्धीवर आली ती चिडूनच:
माझा एक तास कुणीतरी घेतला,
आणि इथे कुणी कबूलच करत नाही.

अठरा मिनिटं.
दाशन्याम मानेची शीर शोधतो. उतारा आत जातो.
चढलेलं उतरवायचं, दुसरं काय.
मी बाही ओढते, मोजे उपसते, मागे पळते.
एक कान हलतो. मग दुसरा.
ती उठते, आमच्याकडे बघत नाही,
कुणाकडेच बघत नाही,
तास गेलेला, गळ्यात काहीतरी आलेलं,
आणि कळप गेला त्या दिशेला अचूक चालू लागते.
करडा मोजा तिच्याच कानात राहिला.

रात्री कोट काढताना सुई हाताला लागली.
मागायला तो विसरला होता, द्यायला मी.
बाहेर वारा पडलेला.
शेजारच्या गेरमधून दाशन्यामचं घोरणं.
अंथरुणात बसून मिनिटभर मोजलं.
चौदा.
पुन्हा मोजलं.