रिकामा रकाना

नाथसागर उतरला की एप्रिलात
जुन्या पिंपळगव्हाणची पांढरी वर येते,
डोहात बसलेल्या म्हशीची पाठ दिसावी तशी.
आसाराम लिंबोरे तराफा टेकवतो.
‘चपला असू द्या सर, चटके बसतेत.
पण पाय बघून टाका.’

बघून म्हणजे कसं?
अंडं मातीच्या रंगाचं, वर तपकिरी शिंतोडे,
मातीवरही तेच शिंतोडे.
काडी नाही, आडोसा नाही.
टाचेनं दाबावा एवढा खळगा,
त्यात दोन. कधी तीन.

सुरय डोक्यावर येतात, पिवळी चोच आधी.
शाहीननं छत्री धरलीय,
दुसऱ्या हातात मोजणीचं यंत्र. टक्. टक्.
खुणेला मी खापरं घेतो, खडूनं आकडा घालतो,
इथं खापरांना तोटा नाही.
रांजणाचा काठ, घरटं सतरा.
चुलीचा कान, अठरा.
एकोणिसापाशी आसाराम म्हणतो,
‘हे आमच्या थोरल्या आत्याचं घर.’

वीस मिनिटं, जास्त नाही.
आपण थांबलो की ती अंड्यांवर उतरत नाहीत,
आणि हे ऊन अंडी शिजवतं.
बघा ना, गेल्या गेल्या
एकीनं पोट पाण्यात बुडवून आणलं.

तराफ्यावर वही.
चौदा साली एकशे बेचाळीस.
सतरा साली अठ्ठ्याऐंशी.
एकोणिसात पाणी इतकं आटलं
की बेट काठाला चिकटलं, कुत्री चालत आली.
सहा.
विसापुढं काहीच नाही.
‘शून्य घालू?’ शाहीन विचारते.
नको. शून्य म्हणजे आपण आलो, बघितलं, नव्हती.
त्या वर्षी आपण आलोच नव्हतो.
आलेख तिथं तुटू दे.

आसारामचं वल्हं थांबतं.
‘तलाठ्याच्या दफ्तरात आमच्या गावापुढं
बेचिराख लिहिलंय.
ते शून्य म्हनायचं, का रिकामं?’

मी पाण्याकडे बघतो.
शाहीन पेन्सिलीला टोक करते,
लागत नसताना.

यंदा एकशे सात.
शिवाय एक पिल्लू, मातीला पोट लावून
मेल्यासारखं पडलेलं, डोळा उघडा,
आम्ही तिघं ज्याच्यावरून दोनदा गेलो.
शेऱ्यात ती लिहिते:
घरटं एकोणीस, अंडी दोन, उंबऱ्यालगत.

‘उंबरा न्हाई वो ताई,’ आसाराम वाकून म्हणतो,
‘न्हाणीचा दगड हाय त्यो.’
ती खोडते. पुन्हा लिहिते.