दोन झाले

सगळ्यांनी आत्ताच ऐका, नंतर भांडायचं नाही.
बत्तीस खेळाडू, नऊ चेंडू, सातची रेस.
एकदा हरलात तर डाव्या तक्त्यात नाव जाईल,
तिथंही हरलात तर बाहेर जाऊन चपला शोधा.
शेवटच्या आठांत आलात की दुसरी संधी नाही.
ब्रेक आळीपाळीनं. चाळीस सेकंदांत मारायचं.
कॉलरचा शर्ट, काळे बूट.
पंधरा मिनिटं उशीर झाला तर मॅच गेली,
आणि गेट पडलं होतं हे कारण चालणार नाही गा,
तिसऱ्या गेटला मीही अर्धं आयुष्य उभा होतो.

फळीवर सगळं तीन भाषांत लिहिलंय.
वर कन्नड, मोठं, जसं लिहावं लागतं तसं.
खाली मराठी, जरा दाटीवाटीनं.
वाचून बघा, चेंडू तेवढा दोन्हीकडं चेंडूच.

हे शेड वडगावातलं. इथं सोळा माग होते,
त्यातल्या चारांवर मी.
टेबलं बसवायला खणलं तेव्हा
फरशीखालून तेलकट सूत निघालं, वीतभर, जांभळं.
नवीन कापड ताणताना मालकानं मलाच बोलावलं.
बोट फिरवलं की लव कुठल्या बाजूला झोपलीय ते कळतं.
तेवढ्यावर मी पंच झालो.
नियम नंतर पाठ केले, रात्री, मुलीच्या वहीत.

आता नियम अकरा.
लागोपाठ तीन फाऊल झाले की डाव गेला.
पण दुसऱ्यानंतर पंचानं खेळाडूला
ऐकू येईल असं सांगितलं पाहिजे.
सांगितलं नसेल तर तिसरा दोनच धरावा.

गेल्या वर्षीची फायनल. सहा-सहा.
निपाणीची रेणू चौगुले, बोटाला निळा खडू,
आणि आमच्याच गल्लीतला मल्लेश होसूर,
ज्याचा बाप अजून माग चालवतो, भिंतीपलीकडं.
लाईट गेलेली. आमचे दिवे इन्व्हर्टरवर.
इतकं शांत की पांढरा घरंगळताना
कापडाचा आवाज येत होता.
मल्लेशचा पहिला फाऊल. मग रेणूनं पांढरा आठच्या मागं लपवला,
त्याचा दुसरा.
मी तोंड उघडलं आणि पलीकडं लाईट आली.

आठ माग एकदम.
खट्टाक खट्टाक, भिंत, छाती, दात.
तीस वर्षांची सवय हो, आवाज चढवायचाच नाही,
मागाशी कोण भांडतंय,
फक्त ओठ हलवायचे आणि समोरचा वाचतो.
पोरं झालेली, पगार अडकलेला, कोण वारलं,
सगळं आम्ही एकमेकांना असंच सांगितलंय.
मी ओठांनी म्हटलं, दोन झाले.

तिसरा लगेच झाला. चेंडू कुशनलाही लागला नाही.
कमिटी धावत आली. सांगितलं होतं काय?
व्हिडिओ लावला तर त्यात नुसते माग.
रेणू स्टूलवर बसली, काठी गुडघ्यांत धरून,
कुणाकडंच बघितलं नाही तिनं.
मला विचारलं. मी म्हटलं, सांगितलं. आवाज काढला नाही.
मग ते सांगणं कसं होतंय, मास्तर?
मला उत्तर आलं नाही.

मल्लेशला नियम पाठ होता.
नाही म्हटला असता तर पुन्हा टेबलावर.
पंचवीस हजार, आणि बेंगळूरचं तिकीट.
तो भिंतीकडं बघत होता,
तिकडं त्याच्या बापाचा धोटा येत होता, जात होता.
म्हणाला, केळसलिल्ल. नोडीनि.
ऐकू नाही आलं. बघितलं.

काठीचे दोन तुकडे उलगडून पिशवीत घातले त्यानं
आणि रेणूच्या हातात हात दिला.
ती काहीतरी बोलली.
मागांच्या आवाजात मला तिचे ओठ वाचता आले असते,
मी मुद्दाम चेंडू गोळा करायला वाकलो.

तर यंदा माझ्या गळ्यात शिट्टी आहे.
कमिटीनं दिलीय, नियमात लिहूनच.
दुसऱ्या फाऊलला वाजवीन.
आणि ओठही हलवीन, त्याला कमिटीचं काय जातंय.
चला, चिठ्ठ्या उचला.