तीच शाई

तांडापेठेतल्या माझ्या दवाखान्यात कूलर
पाण्याविना नुसताच वारा फेकत होता.
टेबलावर कालचा केसपेपर:
गुणवंत धकाते, वय बेचाळीस,
घसा, ताप, तीन दिवस.
खाली इंजेक्शनचं नाव,
आणि दोहोंच्या मध्ये
बोटभर कोरी जागा.

सोनकुसरे म्हणाले,
'मॅडम, बसून जाते न तिथं एक ओळ.
पेन तोच. शाई तीच.
कोण पाहून राहिलं?'
एकोणीस वर्षं माझ्याकडे आहेत ते.
माझ्याच काळजीनं बोलत होते.

ओळ चार शब्दांची.
ॲलर्जी विचारली. नाही म्हणाला.
ती मी इतक्यांदा लिहिली आहे
की हात न बघता लिहील.

पण काल काय झालं ते हातालाच ठाऊक.
बाहेर बाकावर चौदा जण,
कंपनीचा माणूस बॅग मांडीवर घेऊन,
फोनवर मुलगा, गॅस संपल्याचं सांगत,
आणि धकाते बाही वर सरकवत
साच्यांच्या खडखडाटात कमावलेल्या
मोठ्या आवाजात,
'लय दुखते का वो, बाई?'
प्रश्न त्यानं विचारला होता.
मी नाही.

मग ओठ सुजले.
सगळ्यात आधी तो मोठा आवाज गेला.
ट्रेमधलं ॲड्रिनॅलिन मुदतीतलं होतं
(ते मी दर महिन्याला तपासते,
आणि त्याही क्षणी मला त्याचा
अभिमान वाटला. सांगायला लाज वाटते).
मेडिकलपर्यंत ऑटोत त्याच्याशेजारी बसून गेले,
अशोक चौकाच्या सिग्नलला नाडी मोजत.

वाचला.
वाचला म्हणूनच ती ओळ आता इतकी सोपी दिसत होती.
मेला असता तर हिंमत झाली नसती,
की तेव्हाच झाली असती?

रात्री वकील मैत्रिणीला फोन केला.
'काय झालं ते सांगू नको,' ती म्हणाली,
'कागदावर काय आहे तेवढं सांग.'
म्हटलं, काहीच नाही.
ती बराच वेळ गप्प.
मग, 'बरं.'

दुपारी वनमाला आली, त्याची बायको.
उन्हानं लाल, दुपट्ट्यानं डोकं बांधलेलं.
'मेडिकलवाले तुमचा कागद मागून राहिले.'
कायद्यानं बहात्तर तास आहेत माझ्याकडे
कागद द्यायला.
बहात्तर तासांत माणूस
काय काय लिहू शकतो.

पेन उघडलं. तेच.
कोरी जागा कोरी ठेवली.
अगदी खाली आजची तारीख,
दोन वाजून दहा मिनिटं:
काल इंजेक्शनपूर्वी ॲलर्जीबद्दल विचारलं नव्हतं.
सही. नोंदणी क्रमांक.
अक्षर हललं थोडं. कूलरचा वारा, म्हणता येईल.
सोनकुसरे कागद उचलून झेरॉक्सला गेले,
काही न बोलता, चप्पल घासत.

तिला वाचून दाखवलं. सोपं करून सांगितलं, हळू.
'म्हणजे चूक तुमची?'
'हो.'
ओरडेल, चार माणसं बोलावेल,
याची मी तयारी करून ठेवली होती.
तिनं पिशवीतून पोराच्या वहीचं पान काढलं.
'कोणतं औषध चालत नाही त्यायले,
ते याच्यावर लिहून द्या. मोठ्ठ्या अक्षरात.
तुमचं लिहिलेलं मले वाचता येत नाही.
साच्यापाशी चिकटवून ठेवतो.'

मी लिहिलं. चौथीतल्या पोरीसारखं,
शिरोरेघ देऊन, एकेक अक्षर सुटं.
मध्येच तिनं विचारलं, 'हे ट आहे का ठ?'
गोलात पुन्हा गिरवून दिलं.

ती गेली. राग सोबत नेला की ठेवून गेली,
कळलं नाही. नोटीस येईल.
किंवा येणारही नाही.
झेरॉक्सची एक प्रत
ड्रॉवरमध्ये वरच ठेवली आहे, सापडेल अशी.

सोनकुसरेंनी कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं.
हात पुसत दार उघडून त्यांनी पुढचा नंबर पुकारला,
आणि पोरगं आत येण्याआधीच, उंबऱ्यावर,
त्याला दरडावून विचारलं,
'काही ॲलर्जी-बिलर्जी आहे का बे तुले?
नीट आठवून सांग.'